किती सोडलं आणि किती पोचलं

‘मूल्यमापनाला पाहुणे येणार आहेत’ असं कळलं की आपल्याकडच्या कुठल्याही शैक्षणिक प्रकल्पात पहिली धावपळ होते ती बॅनरची. दुसरी फोटोंची. तिसरी गुलाबाच्या फुलांची. मग ज्या तीन-चार मुलांना घडाघडा वाचता येतं त्यांना पहिल्या रांगेत बसवलं जातं. पाहुणे चहा-पोहे घेतात, एखाद्या मुलाला धडा वाचायला लावतात, ‘छान, छान’ म्हणतात आणि उन्हं उतरायच्या आत पुण्याच्या रस्त्याला लागतात. दोन महिन्यांनी गुळगुळीत कागदावर छापलेला अहवाल येतो आणि कपाटात जातो. यात कोणी खोटं बोललेलं नसतं. पण कोणाला काही कळलेलंही नसतं.

हे लिहायचं बरेच दिवस मनात होतं. पुण्यात एका छोट्या संस्थेत हिशेब आणि अहवाल सांभाळण्यात माझी बरीच वर्षं गेली, त्यामुळे ‘उद्दिष्ट’, ‘निष्पत्ती’, ‘निर्देशक’ असले शब्द मी मेथी निवडावी तसे रोज निवडत असते. (मी नक्की काय काम करते हे आमच्या नातेवाईक मंडळींना अजून कळलेलं नाही. हे वाचून कळेल अशी आशा!) पण २०२५ च्या मार्चमध्ये हा विषय ऑफिसातून उठून थेट माझ्या माहेरी, सारोळ्याला, जाऊन बसला. तेव्हापासून त्याच्याकडे नुसतं कामाच्या नजरेने बघता येत नाही.

ज्यांना सारोळे माहीत नाही त्यांच्यासाठी: पुण्याहून सातारा रस्त्याने निघालात की खेड शिवापूर, चेलाडी, कापूरहोळ, किकवी आणि मग नीरेच्या पुलाच्या अलीकडे आमचं गाव. भोर तालुका इथे संपतो. पूल ओलांडला की सातारा जिल्हा आणि शिरवळच्या कंपन्या. पुलाखालून जे पाणी जातं त्यात भाटघरच्या धरणातून सोडलेलं पाणीही असतं. धरण १९२८ सालचं, इंग्रजांच्या काळातलं लॉईड धरण. ते पाणी पुढे वीर धरणात जातं आणि तिथून कालव्यांनी बारामती, इंदापूर, फलटण, माळशिरसकडे. आता गंमत बघा. धरणावर विचारलंत तर किती क्युसेक सोडलं ते सांगतील. आकडा खरा असतो, रजिस्टरला असतो. पण कालव्याच्या शेवटाला, टेलला, ज्याचं रान आहे त्याला विचारा. त्याचा प्रश्न वेगळा असतो: माझ्या पाटात किती आलं, आणि कधी आलं? वाटेतली गळती, उपसा, ऊन हे सगळं त्या दोन आकड्यांच्या मधे असतं. शिक्षणाच्या प्रकल्पांचे बहुतेक अहवाल धरणावर बसून लिहिलेले असतात. इतकी पुस्तकं वाटली, इतकी प्रशिक्षणं झाली, इतके दिवस वर्ग भरला. टेलला किती पोचलं ते विचारायला कोणी कालव्याच्या कडेने चालत जात नाही.

तर आमच्या वहिनीची गोष्ट. वहिनी बारावी झालेली, हात चांगला, आवाज त्याहून चांगला. जून २०२२ पासून ती गावात संध्याकाळचा वाचनवर्ग घेते, पाच ते सात, तिसरी ते पाचवीच्या मुलांचा. आठवतंय ना, मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या होत्या? जून २०२२ ला तिसरीत बसलेलं मूल म्हणजे ज्याची पहिली बंद शाळेत गेली ते मूल. वर्गात गावातली मुलं आहेतच, पण कंपन्यांत आणि बांधकामांवर काम करणाऱ्या, भाड्याच्या खोल्यांत राहणाऱ्या कुटुंबांचीही आहेत. कोणी मराठवाड्यातलं, कोणी उत्तर प्रदेशातलं. एका कंपनीने एका संस्थेला पैसे दिले, संस्थेने त्यातून असे काही वर्ग सुरू केले, त्यातला एक हा. तीन वर्षांचं अनुदान. वहिनीचं मानधन, सतरंज्या, फळा, गोष्टींची पुस्तकं, बस्स.

मार्च २०२५ ला अनुदान संपत होतं. पुढे चालू ठेवायचं की नाही ते ठरवण्यासाठी संस्थेने एक फॉर्म पाठवला आणि वहिनीने तो घेऊन मला फोन केला. “वन्सं, हे काय विचारतायत ते मराठीत सांगा.” (फॉर्म मराठीतच होता!)

फॉर्ममध्ये वरच्या ओळीत छापलेलं होतं: उद्दिष्ट – ८० टक्के मुले इयत्तेनुसार वाचू लागतील. खाली रिकामी चौकट: साध्य किती?

आता हे ८० आले कुठून? तीन वर्षांपूर्वी प्रस्ताव लिहिताना कोणाला तरी ६० कमी वाटले असतील आणि १०० जास्त. त्या वेळी एकाही मुलाला समोर बसवून ‘बाळा, हे वाच’ असं कोणी म्हटलेलं नव्हतं. बेसलाइन म्हणजे दुसरं काय असतं? प्रवासाला निघताना आपण कुठल्या गावात उभे आहोत ते बघणं. ते न बघता किती लांब आलो हे सांगायचं, म्हणजे मैलाचा दगड आपणच रोवायचा आणि आपणच वाचायचा.

आमच्या नशिबाने वहिनीकडे एक वही होती. कोणी सांगितली म्हणून ठेवलेली नव्हे, तिची तिने ठेवलेली. दर मुलाच्या नावापुढे तो पहिल्यांदा आला ती तारीख आणि त्या दिवशी त्याला काय येत होतं ते: काहीच नाही, अक्षर, शब्द, उतारा, गोष्ट. मग दर दोन महिन्यांनी परत. ‘असर’च्या पाहणीत हीच पायरी असते. २००५ पासून ‘प्रथम’ संस्थेच्या पुढाकाराने देशभर घरोघरी जाऊन मुलांना अक्षरं, शब्द, पहिलीच्या पातळीचा उतारा आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचायला देतात. वहिनीला हे प्रशिक्षणात एकदा दाखवलं होतं. तिला ते पटलं कारण त्यात गुण नाहीत, मूल कुठे अडलंय ते आहे. अक्षर येतं पण शब्द येत नाही अशा मुलाला उद्या काय द्यायचं ते लगेच कळतं. ४३ टक्के मिळालेल्या मुलाला उद्या काय द्यायचं, सांगा बरं?

ही वही बघताना मला चित्राताई नाईकांच्या कामाची आठवण झाली, आणि ते काम काही लांबचं नाही. चित्राताई (१९१८–२०१०) आणि त्यांचे पती जे. पी. नाईक (१९०७–१९८१) यांचं नाव शिक्षणाच्या क्षेत्रातल्या लोकांना सांगायला नको. जे. पी. कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव होते. समता, गुणवत्ता आणि संख्या हा आपल्या शिक्षणाचा हुलकावणी देणारा त्रिकोण आहे, असं मांडणारं त्यांचं इंग्रजी पुस्तक १९७५ चं. आपले अहवाल अजून त्या त्रिकोणाच्या संख्येच्या टोकावरच बसलेले असतात. तर पुण्याच्या भारतीय शिक्षण संस्थेतर्फे चित्राताईंनी १९७९ पासून पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांत शाळेबाहेरच्या मुलांसाठी वर्ग चालवून पाहिले. पुढे ऐंशीच्या दशकात हेच काम ‘प्रोपेल’ या नावाने देहू, शिवगंगा आणि परिंचे या तीन भागांत झालं. शिवगंगेचं खोरं म्हणजे आपलं खेड शिवापूरकडचं. सारोळ्याहून पुण्याला येताना आपण त्यातूनच येतो.

ते वर्ग संध्याकाळचे, दोन-दोन तासांचे, कारण दिवसा ही मुलं गुरांमागे असत नाहीतर धाकटी भावंडं सांभाळत असत. त्यात मुली जास्त. शिकवणारी व्यक्ती गावातलीच. वेळ, जागा गाव ठरवणार. पण मला सगळ्यात भावते ती त्यांची तपासणीची रीत. मूल आधी स्वतःच स्वतःला तपासून बघायचं. मग मुलं एकत्र बसून एकमेकांना मदत करत तोच पेपर सोडवायची. मग पुन्हा ज्याचं त्याने. आणि मग भरायची ‘बालजत्रा’! आसपासच्या गावांतली वर्गांची मुलं एकत्र यायची, खेळ, गाणी आणि त्यातच चाचण्या. आईबाप बघायला हजर. युनेस्कोने १९९५ साली या प्रकल्पावर एक इंग्रजी पुस्तिका काढली होती.

यात मला कळलेला मुद्दा असा की तिथे मूल्यमापन ज्यांच्यासमोर व्हायचं, त्यांच्याच हातात दुसऱ्या दिवशी काहीतरी करणं होतं. मुलाला कळायचं आपल्याला काय येत नाही. शिकवणाऱ्या बाईंना कळायचं कोणाकडे बघायला हवं. आईला कळायचं की पोरीला संध्याकाळी दोन तास सोडलं ते वाया जात नाही, आणि बहुधा म्हणूनच ती पुढच्या महिन्यातही सोडायची. आकडा तयार होण्याआधीच त्याचा उपयोग झालेला असायचा. आपल्याकडे आता उलटं आहे. आकडा तयार होतो, मेलने वर जातो, आणि ज्या मुलाचा तो आकडा आहे त्याला कधी कळतच नाही.

शाळांतही वेगळं काही नाही. महाराष्ट्रात २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. कल्पना उत्तम होती: वर्षभर मुलाकडे बघा, त्याच्याबद्दल वर्णनात्मक नोंदी करा. काही दिवसांतच तयार नोंदींच्या पुस्तिका फिरू लागल्या. ‘वर्गात उत्साहाने भाग घेतो’, ‘सुंदर अक्षर काढतो’. एकच वाक्य राज्यभरच्या किती रजिस्टरांत गेलं असेल! शिक्षकांना दोष देऊन उपयोग नाही. ज्या नोंदीचं पुढे काहीच होणार नाही हे माहीत असतं, ती माणूस उतरवूनच काढतो.

पुन्हा वहिनीच्या चौकटीकडे. साध्य किती? आम्ही दोघी एका रविवारी वही घेऊन बसलो आणि पहिल्याच पायरीला अडखळलो. किती मुलांपैकी?

मार्चमध्ये वर्गात २६ मुलं होती. त्यातली २२ गोष्ट वाचत होती. म्हणजे ८५ टक्के. उद्दिष्ट पार! वहिनीचा चेहरा खुलला. मग मी वहीची मागची पानं उलटली. तीन वर्षांत वर्गात आलेली मुलं होती एकूण ६१. पस्तीस जणं मधे सोडून गेली होती: बापाचं काम संपलं, खोली बदलली, गावाकडे परत. त्या पस्तीसमधली जायच्या वेळी गोष्ट वाचणारी होती फक्त १२. म्हणजे सगळी धरली तर ६१ पैकी ३४. छप्पन्न टक्के.

दोन्ही आकडे खरे. फॉर्मला एकच चौकट. आणि त्या चौकटीवर वहिनीचं मानधन, सतरंज्या आणि २६ मुलांची संध्याकाळ अवलंबून.

मी ऑफिसात असे प्रसंग पाहिले आहेत. तिथे आकडे दुसऱ्यांचे असतात. इथे समोर घरचं माणूस होतं. मी तिला दोन्ही पर्याय सांगितले. ‘मार्चअखेर उपस्थित मुलांपैकी’ असं लिहिलं तर ८५ देता येतात, त्यात खोटं काहीच नाही, असंही सांगितलं. वहिनी बराच वेळ वहीकडे बघत राहिली. मग म्हणाली, “गेलेली पोरं पण माझ्यासमोरच बसली होती की, वन्सं. ती काय आलीच नव्हती असं लिहू?”

झालं. छप्पन्न ठरले.

पण नुसते छप्पन्न देणंही बरोबर नव्हतं. सरासरी फार लबाड असते. इथे मुंबईतलाच एक अभ्यास आठवतो. ‘प्रथम’ने महापालिकेच्या शाळांत ‘बालसखी’ नेमल्या होत्या. वस्तीतलीच शिकलेली मुलगी, तिसरी-चौथीतल्या मागे पडलेल्या मुलांना रोज दोनेक तास वेगळं बसवून शिकवायची. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ ते २००३ या काळात मुंबई आणि वडोदरा इथे त्याचा अभ्यास केला, तो २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. (याच दोघांना मायकेल क्रेमर यांच्यासह २०१९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.) त्यात मला आवडलेली गोष्ट म्हणजे आखणी. वडोदऱ्यात निम्म्या शाळांत बालसखी तिसरीला दिली, निम्म्यांत चौथीला, पुढच्या वर्षी उलट. म्हणजे कुठल्याच शाळेला ‘तुम्हाला नाही’ म्हणावं लागलं नाही आणि तुलनाही करता आली. हे काम सुरू व्हायच्या आधी ठरवलं तरच जमतं, शेवटच्या महिन्यात नाही. निष्कर्ष असा की फायदा झाला, दुसऱ्या वर्षी पहिल्याच्या सुमारे दुप्पट, आणि तो मुख्यतः सगळ्यात मागच्या मुलांना झाला. पण कार्यक्रम संपून वर्ष झाल्यावर पाहिलं तर त्यातला बराचसा ओसरला होता. हेही त्यांनी लपवलं नाही. चांगलं मूल्यमापन म्हणजे शाबासकीचं पत्र नव्हे, हे त्या शेवटच्या वाक्यात कळतं.

मग आम्हीही सरासरी फोडून पाहिली. सहा महिने किंवा जास्त टिकलेली मुलं ३०, त्यातली २७ गोष्ट वाचणारी. सहा महिन्यांच्या आत गेलेली ३१, त्यातली ७. आता चित्र स्पष्ट झालं. वर्ग चालतोय, उत्तम चालतोय, पण त्याला सहा महिने लागतात आणि निम्मी मुलं तेवढी थांबतच नाहीत. वहिनीचा वर्ग जूनमध्ये अक्षरांपासून सुरू होऊन मार्चमध्ये गोष्टीला पोचायचा, शाळेसारखा. पण बाहेरून येणारी मुलं कधी येतात? तारखा पाहिल्या तर बरीचशी दिवाळीनंतर. म्हणजे ती आली तेव्हा वर्ग शब्दांच्या पुढे गेलेला, आणि ती मागे बसून नुसती बघत राहिलेली. वहिनी म्हणाली, “मला वाटायचं ती बुजरी आहेत.”

तीन वर्षांत पहिल्यांदा त्या वहीने कोणाला तरी काहीतरी नवं सांगितलं होतं. आणि ते सांगण्यासाठी गुळगुळीत कागद लागला नाही, रविवारची दुपार आणि दोन कप चहा लागला.

आम्ही फॉर्मच्या चौकटीत ५६ लिहून खाली हाताने तक्ता जोडला आणि तीन ओळी: काय दिसलं, का झालं असावं, पुढे काय बदलणार. चार दिवसांनी फोन आला. फोनवरची मुलगी बिचारी गोड होती, पण तिच्या सॉफ्टवेअरलाही एकच चौकट होती. “मॅडम, उद्दिष्टापेक्षा कमी दिसतंय. उपस्थितांचाच आकडा टाकू का?” वहिनीने सांगितलं, तक्ता जोडून पाठवा.

मी या संस्थेला नावं ठेवत नाही, कंपनीलाही नाही. कायदा काय म्हणतो ते बघा. कंपनी कायद्यानुसार २०१४ पासून मोठ्या कंपन्यांना नफ्यातला दोन टक्के भाग सामाजिक कामावर खर्च करावा लागतो. २०२१ पासून ज्या कंपन्यांची ही रक्कम सरासरी दहा कोटी किंवा जास्त आहे, त्यांना एक कोटी किंवा त्यावरच्या प्रकल्पांचं, प्रकल्प पूर्ण होऊन वर्ष झाल्यावर, बाहेरच्या स्वतंत्र संस्थेकडून परिणाम-मूल्यमापन करून घ्यावं लागतं. चांगलाच नियम आहे. पण तो मोठ्या प्रकल्पांसाठी आहे. आमच्या वहिनीच्या वर्गासारखं काम त्यात कुठे बसणार? तरी त्या मोठ्या फॉर्मची झेरॉक्स खालपर्यंत येते. हत्तीची झूल शेळीवर घातली की शेळी दिसेनाशी होते.

म्हणून जे कोणी असं काम करतात, अनुदान घेतात किंवा देतात, त्यांना माझं सांगणं थोडकंच आहे. प्रस्ताव लिहितानाच ठरवा, की हा आकडा आल्यावर कोण काय वेगळं करणार आहे. उत्तर ‘कोणीच नाही’ असेल तर तो आकडा गोळा करू नका, मुलांचा आणि बाईंचा वेळ वाचेल. पहिल्या आठवड्यात प्रत्येक मूल कुठे आहे ते लिहून ठेवा. गेलेल्या मुलाचं नाव खोडू नका, त्याच्यापुढे तारीख लिहा. आणि पैसे देणाऱ्यांनी कमी आकडा आला म्हणून लगेच पाकीट मिटू नये. कमी आकडा प्रामाणिकपणे सांगणाऱ्याला शिक्षा मिळाली, की पुढच्या वर्षी सगळीकडून ८५ च येणार, हे सांगायला नोबेल लागत नाही.

अनुदानाचं शेवटी काय झालं? एक वर्षाची मुदतवाढ मिळाली, रक्कम थोडी कमी करून. तक्त्यामुळे मिळाली की तक्ता असूनही मिळाली, कोणी कळवलं नाही. सतरंज्या जुन्याच चालवतोय. वहिनीने वर्गाचे दोन गट केले. दिवाळीनंतर येणाऱ्या मुलांसाठी वेगळा कोपरा, अक्षरापासून, रोज पाऊण तास. मोठा गट तेवढ्या वेळात आपापला एकमेकांना वाचून दाखवतो. चित्राताईंच्या मुलांसारखा. वहिनीने चित्राताईंचं नाव माझ्याकडूनच पहिल्यांदा ऐकलं, पण ही युक्ती तिला आधीच सुचली होती.

आणि हो, फेब्रुवारीत एका रविवारी तिने छोटीशी बालजत्रा भरवली. बॅनर नव्हता. आयांना बोलावलं, रात्रपाळी करून आलेले दोन-तीन बापही डोळे चोळत आले. प्रत्येक मुलाने घरून एक लिहिलेली वस्तू आणायची आणि सगळ्यांना वाचून दाखवायची असा नियम. कोणी रेशनकार्ड आणलं, कोणी खताची पिशवी, एकाने बापाचा कंपनीचा गेटपास. एका मुलीला आणलेला कागद पूर्ण वाचता आला नाही. तिची आई तिथेच म्हणाली, “अजून थोडं राहिलंय होय? मग एप्रिलपर्यंत थांबतो आम्ही.”

थांबले ते. वहीत तारीख आहे.

असो. फार लांबलं. तुमच्या ओळखीत कोणी असे वर्ग चालवत असेल तर त्यांची वही बघायला मला खरंच आवडेल. अहवाल नको, वही.